चौथी गोष्ट

मावशींनी आमची बेल कधीच वाजवली नाही. त्या आधी दोन बोटांनी दाराच्या चौकटीवर टकटक करीत, मग चौकटीवर हलकीशी फुंकर मारीत, आणि आतून कुणी 'कोण?' म्हणण्याच्या आत बोलू लागत.

"पहिली गोष्ट, तुझ्या चपला उलट्या पडल्यात. दुसरी गोष्ट, आत दूध उतू गेलंय. तिसरी गोष्ट, आज गुरुवार आहे. आणि चौथी गोष्ट, तू माझ्याबरोबर बाजारात येते आहेस."

मी चपलांकडे पाहून मान हलवी. गॅसकडे धावताना मान हलवी. गुरुवार तर असेच, म्हणून पुन्हा हलवी. तीनदा हललेली मान चौथ्यांदा आपोआप हलत असे. पिशवी घेऊन जिना उतरताना माझ्या ध्यानात येई, की मला आज बाजारात जायचेच नव्हते.

ज्याच्यापुढे आपल्याला 'नाही' म्हणता येत नाही असे कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. पण ती विद्या ऐन युद्धात, सरकारी नोकरीत बसून रीतसर शिकलेली बाई तुम्ही बहुधा पाहिली नसेल. आमच्या भाईंदर पूर्वेच्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यावर राहत होती आणि तिच्या मागच्या गॅलरीत सदाफुलीच्या तीन कुंड्या होत्या.

त्यांचे नाव मी लिहीत नाही. रेडिओवर त्यांनीही ते कधी सांगितले नाही. तसा नियमच होता. एकाहत्तरच्या लढाईत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दिल्लीतल्या एका बंद खोलीत बसून त्या शत्रूच्या सैनिकांशी उर्दूत बोलत, आणि स्वतःला 'तुमची एक बहीण' म्हणत. मराठवाड्यातल्या बौद्ध कुटुंबातली ही मुलगी उर्दू शिकली ती वडिलांकडून. वडिलांची शाळा निजामाच्या अमदानीतली. घरी ज्वारीच्या कणग्या मोजायच्या त्या उर्दूत आणि रागवायचे ते मराठीत, अशी त्यांची वाटणी होती.

आवाज मात्र दोन्ही भाषांत एकच. तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखा: वरून कोरडा, आणि मोडला की आत वाफ.

"खोटं बोलायचं नाही, हा आमच्या साहेबांचा पहिला धडा," त्या सांगत. "तीन खऱ्या गोष्टी सांगायच्या, अगदी बारीक. तुमच्या छावणीमागं पेरूचं झाड आहे. काल पहाटे धुकं होतं. तुमच्या सुभेदाराला खोकला झालाय. ऐकणारा म्हणतो, अरे, हिला तर सगळंच माहीत आहे! मग चौथी गोष्ट."

"चौथी कोणती?"

"शस्त्रं खाली ठेवा. तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही घरी जाल."

हे वाक्य त्या ज्या स्वरात म्हणत, तो ऐकून आमच्या इमारतीतल्या कुणाही माणसाने हातातला लाटण्यापासून छत्रीपर्यंतचा ऐवज मुकाट खाली ठेवला असता.

पण त्यांच्या मनात एक काटा होता. त्या बारीक गोष्टी सैन्याकडून चिठ्ठ्यांवर लिहून येत. एके दिवशी चिठ्ठीवर दोनच गोष्टी आल्या. लाल दिवा लागला, साहेब काचेपलीकडून हातवारे करू लागले, आणि तिसरी गोष्ट मावशींनी स्वतःच्या मनाने घडवली: 'तुमच्या लंगरमध्ये आज डाळ खारट झाली आहे.'

"आता तू सांग," त्या मला विचारत. हा प्रश्न त्यांनी मला पन्नास वेळा तरी विचारला असेल. "डाळ खारट नसेल, तर त्यांनी काय म्हटलं असेल? बाई थापा मारते. मग चौथी गोष्टही थापच. आणि चौथी तर खरी होती गं. म्हणजे डाळ खारट होती का, एवढ्यावरच सगळं आलं."

"मग कळलं नाही कधी?"

"कोण कळवणार? शेजारच्या खोलीत फर्माइशी गाणी लावणाऱ्या मुली होत्या. त्यांना पोत्यांनी पत्रं यायची. जेवणाच्या सुट्टीत मीच ती फोडून द्यायचे. मला एकही नाही. शत्रू पत्र लिहीत नाही."

म्हणूनच की काय, मावशींचे कुठलेही बोलणे एकाच प्रश्नाने संपे. फोनवर बहिणीला जावयाची खुशाली सांगितली, की "पोचलं का?" वाण्याला अर्धा किलो पोहे सांगितले, की "पोचलं का?" समोर उभा असलेला वाणी म्हणे, "माँजी, मैं तो यहीं हूँ." मावशींचे त्यावर समाधान होत नसे.

आता युद्धाची दुसरी आघाडी.

आमच्या कुंपणात इमारती दोन आणि जमिनीखालची टाकी एक. पूर्वी सोसायटीही एकच होती. मग पाण्यावरून ती फुटली, आणि मध्ये माथ्यावर काचांचे तुकडे खोचलेली भिंत उभी राहिली. टाकी मात्र दुभंगता येईना. म्हणून पाळ्या ठरल्या. संध्याकाळी सहा ते साडेसहा समोरच्यांचा पंप, साडेसहा ते सात आमचा. समोरच्यांचा पंप सहा चाळीसपर्यंत चालतो, असा आमचा आरोप होता. आम्ही खिडकीत घड्याळे घेऊन उभे राहत असू, आणि त्या शेवटच्या दहा मिनिटांची घरघर प्रत्येकाच्या दाढेत दुखत असे.

आमचे सेक्रेटरी शिगवण भाऊ रत्नागिरीकडचे. तापट, आणि तितकेच भाबडे. एके संध्याकाळी गणपतीतला माईक आणि छोटा स्पीकर काखोटीला मारून ते मावशींच्या दारात उभे राहिले. मी तिथे शेंगा सोलत बसले होते.

"मावशी, तुम्ही अख्ख्या फौजेला नमवलंत. हे समोरचे काय चीज आहेत? जरा टाइट द्या ना त्यांना."

"मी नमवलं का, तेच तर मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. पण त्यांची नजर माईकवर खिळली होती. त्यांनी दोन बोटांनी त्याच्यावर टकटक केली. फुंकर मारली. त्या एका फुंकरीत बावीस वर्षांची मुलगी चष्मा लावून दारात येऊन उभी राहिली.

"मी लिहून आणलंय," शिगवण भाऊंनी कागद काढला. पहिलाच शब्द 'पाणीचोरांनो' होता.

"हे नाही चालणार. शत्रूला 'तुम्ही' म्हणायचं."

"अहो, पण चोर आहेत ते!"

"शिवी दिली की माणूस कान बंद करतो. त्याच्या घरातल्या वांग्याचं नाव घेतलं की उघडतो. शिगवण, मला माहिती हवी. बारीक."

दुसऱ्या दिवशी माहिती आणली ती मोरवा गावच्या काकींनी. त्या दोन्ही इमारतींत मासळी विकत, त्यामुळे त्यांची टोपली म्हणजे सीमेवरून बिनधास्त ये-जा करणारे एकमेव वाहन होते. जिन्यात फतकल मारून त्यांनी वार्ता दिली.

"चौथ्या माळ्यावर आज वांगी हाय. बोंबील न्हाय घेतलं कोणी. दुसऱ्या माळ्यावरचा जिन्याचा दिवा गेलाय, मी पडता पडता वाचली. नि त्यांच्या चेअरमननी केस काळं केलंय."

"आणखी?"

"आणखी काय सांगू बाय, मी मासळी इकते का पेपर?"

त्या संध्याकाळी ठीक सहा वाजता मावशी गॅलरीत बसून निळ्या पेल्यातले पाणी प्यायल्या. मिठागरांवरून येणारा चिकट वारा त्यांच्या पदराशी झोंबत होता. समोरचा पंप सुरू झाला, आणि त्याच्या घरघरीवर तो आवाज अलगद तरंगत गेला.

"समोरच्या इमारतीतल्या रहिवाशांनो, नमस्कार. तुमची एक शेजारीण बोलते आहे. तुमच्या चौथ्या मजल्यावर आज वांगी शिजत आहेत. तुमच्या जिन्यातला दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला आहे. तुमच्या अध्यक्षांनी केस रंगवले आहेत. ते त्यांना शोभतात. तुमच्यातल्या एका घरी आज आमटी खारट झाली आहे. आणि शेवटची गोष्ट, पंप दहा मिनिटं जास्त चालतो, हे तुमच्यातल्या अनेकांना मनातून पटत नाही. पोचलं का?"

समोर चिटपाखरू हलले नाही. शिगवण भाऊ मात्र हरखून गेले होते. "मावशी, आमटीचं काकी कुठे बोलल्या? ते तुम्हाला कसं कळलं?"

मावशींनी माईक बंद केला. "इथली हवाच खारट आहे," त्या म्हणाल्या. "कुठल्याही दिवशी, कुठल्यातरी घरी, कुणाचा तरी हात चुकतोच. चुकायलाच हवा."

तेव्हा मला कळले, की ही आमटी समोरच्या इमारतीसाठी नव्हतीच.

पुढे हा रोजचा कार्यक्रम झाला. रोज तीन खऱ्या गोष्टी, रोज पंप, आणि मध्ये कुठेतरी रोज ती खारट आमटी. चार दिवसांनी समोरच्या जिन्यात नवा दिवा लागला. आम्ही जिंकल्यासारख्या टाळ्या पिटल्या. मावशी म्हणाल्या, "दिवा गेला की बदलतातच. त्याचा अर्थ ऐकलं असा होत नाही." एकदा त्यांनी समोरच्या रांगोळीची स्तुती केली, तेव्हा शिगवण भाऊंना त्यांच्यावर फितुरीचा संशय आला. "आपल्या रांगोळीबद्दल कधी बोलल्या का?" ते मला जिन्यात थांबवून विचारू लागले. मी म्हटले, आपण शत्रू नाही ना. ते विचारात पडले. दोन दिवस त्यांना समोर राहायला जावेसे वाटत असावे.

पंप मात्र सहा चाळीसपर्यंत चालतच राहिला.

आणि दर संध्याकाळी 'पोचलं का?' म्हणून झाल्यावर मावशी माईक बंद करून दोन मिनिटे तशाच बसत. मान किंचित भिंतीकडे कललेली. ती मान पाहून मला एकदा सहन झाले नाही, आणि मी तो अपराध केला.

मी कविता करते. हा एक सौम्य आजार आहे, असे आमच्या इमारतीचे मत होते आणि त्यावर कुणी मोठ्याने बोलत नसे. मी एक पत्र लिहिले. शत्रूसैन्यातल्या एका वृद्ध निवृत्त शिपायाचे. 'अनाम भगिनीस' अशी सुरुवात केली. छावणीवर सांडलेले चांदणे, रेडिओतून मोगऱ्यासारखा दरवळलेला तिचा स्वर, डोळ्यांच्या काठाशी थांबलेले दव, असे पुष्कळ काही त्यात होते. कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवून वाळवला. 'एका ओळखीच्यांनी पाठवले' असे सांगून मी तो मावशींच्या हाती ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावू लागले.

मावशींनी चष्मा लावला. आधी कागदाचा वास घेतला.

"छावणीत गवती चहा मिळत होता?"

माझ्या हातातून भांडे निसटले.

"आणि हा शिपाई मराठीत लिहितो?"

"अनुवाद आहे," मी म्हणाले.

"हं." त्यांनी लाल पेन्सिल काढली. पाऊण तासाने कागद माझ्याकडे परत आला. चांदण्यावर काट मारून समासात लिहिले होते: 'त्या आठवड्यात ढग होते.' मोगऱ्यावर: 'शिपायाला पायमोज्यांचा वास येतो.' दवापाशी नुसतेच प्रश्नचिन्ह होते. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित: 'डाळ कुठे आहे?'

खरे सांगायचे, तर डाळ मी जाणूनबुजून गाळली होती. एवढ्या तरल मजकुरात ती मला शोभेना.

"मी घालते," मी घाईने म्हणाले. "खारट होती, असं लिहिते."

मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. त्या हाताला शेंगांच्या सालींचा वास होता. "वेडी आहेस. तू लिहिलंस म्हणून ती खारट होत नाही."

नंतर काही आठवड्यांनी त्यांचा आवाज बसला. आधी आम्ही आल्याचा काढा केला, मग हळदीचे दूध. शेवटी गळ्याच्या डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितले. मावशींनी बाजारातून एक पाटी आणली. माझ्या चौकटीवर टकटक होई, फुंकर येई, आणि मग दार उघडेपर्यंत शांतता. बाहेर मावशी पाटी धरून उभ्या: '१. चपला. २. दूध. ३. सोमवार. ४. चल.'

सहा वाजता मात्र त्या गॅलरीत जाऊन बसतच. माईक नाही, पेला नाही. समोर पंप घरघरत असे आणि त्या डोळे मिटून तो ऐकत. शिगवण भाऊंनी एकदा स्वतः बोलून पाहिले. दुसऱ्याच वाक्यात ते 'पाणीचोर' म्हणाले आणि मावशींनी पाटीने त्यांच्या खांद्यावर टपली मारली.

अशातच एका सकाळी मोरव्याच्या काकी माझ्या दारात आल्या. टोपलीतल्या बोंबलांखालून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "समोरच्या तिसऱ्या माळ्यावरनं दिलाय. त्या बायला द्या. मी न्हाय वाचला. म्हंजे वाचला, पण सगळा न्हाय."

मी तो मावशींकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, वास घेतला, माझ्याकडे करड्या नजरेने पाहिले आणि पाटीवर लिहिले: 'परत तूच?'

"शप्पथ नाही," मी म्हणाले.

'वाच.'

मी वाचले. अक्षर मोठे, सरकारी वळणाचे होते.

'समोरच्या बाई, सप्रेम नमस्कार. तुम्ही बोलण्याआधी निळ्या पेल्यातलं पाणी पिता. रहिवाशांनो म्हणताना डावा हात वर करता, जणू आम्ही उठून चाललो आहोत. तुमच्या सदाफुलीची मधली कुंडी तडकली आहे, ती बदला, पडेल. आता माझ्याबद्दल. केस मी रंगवले नव्हते, ती मेंदी होती, जास्त वेळ राहिली. पंप दहा नव्हे, सात मिनिटं जास्त चालतो. तो आजपासून साडेसहाला बंद होईल. तुम्ही पहिल्यांदा बोललात त्या दिवशी आमच्याकडची आमटी खरोखरच खारट होती. माझी बायको तिची चव घेता घेता थांबली, आणि आम्ही दोघं इतकं हसलो, की पंप बंद करायचं राहून गेलं. अकरा दिवस तुमचा आवाज नाही. आमच्याकडे सहाचा चहा तुमच्या आवाजावर ठेवतात. आता तो कधी लवकर होतो, कधी उशिरा. कृपया कळवावे.'

मावशींनी हात पुढे केला. कागद घेतला, आणि लाल पेन्सिल उघडली. पेन्सिल ओळींवरून सावकाश फिरली, पंपापाशी थांबली, आमटीपाशी बराच वेळ थांबली, आणि कुठेही न टेकता परत टोपणात गेली.

त्यांनी पाटी पुसली. लिहिले: 'एकही उपमा नाही. तुझं नव्हे.'

मग पुन्हा पुसली. या वेळी अक्षर मोठे आले.

'खारट होती.'

कुठली, हे मी विचारले नाही. त्या उठून गॅलरीत गेल्या आणि मधली कुंडी फिरवून पाहिली. पाठीमागून, खालपासून वरपर्यंत, ती खरोखरच तडकली होती. आम्हाला ही बाजू कधी दिसलीच नव्हती.

त्या संध्याकाळी पंप साडेसहाला बंद झाला. अचानक पसरलेल्या शांततेत आमची अख्खी इमारत गांगरली, आणि आमचा पंप सुरू करायला शिगवण भाऊंना सात मिनिटे उशीर झाला.

महिन्याने मावशी परत बोलू लागल्या. आवाज निम्मा उरला होता, पण वाफ तशीच होती. आता तक्रार कसलीच नव्हती. वारा कुठला, काकींकडे कोणती मासळी, कुणाच्या खिडकीत कबुतराने अंडी घातली, एवढेच.

"मावशी, युद्ध संपलं ना?" शिगवण भाऊ म्हणाले. "मग आता कशाला?"

"आता मोकळेपणी बोलता येतं," मावशी म्हणाल्या.

मिठागरांवर पांढऱ्या राशी दिसू लागतात, त्या दिवसांत त्या गेल्या. दुपारी, झोपेत, कुणालाही काही पटवून न देता. उशाशी चष्मा होता, आणि चष्म्याच्या घरात घडी घातलेला, बोंबलाचा वास अजून न गेलेला तो कागद.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास मी त्यांची गॅलरी झाडायला गेले. समोरचा पंप सुरू झाला. आणि मग तुम्ही कधी पाहिले नसेल असे काही मी पाहिले. समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून उघडू लागल्या. चौथा मजला, दुसरा, तिसऱ्यावरच्या दोन. कुणी बाहेर डोकावले नाही. फक्त काचा सरकल्या. इतके दिवस रोज सहाला त्या अशाच सरकत असणार. मावशींना त्या दिसल्या नाहीत, कारण बोलताना त्या डोळे मिटून घेत; आणि आम्ही सगळे त्यांच्याकडेच पाहत असू.

शिगवण भाऊ माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी माईक माझ्या हातात दिला. मी दोन बोटांनी टकटक केली. फुंकर मारली. डोळ्यांसमोर उपमांची रांग लागली होती. मी तिला परत पाठवले.

"समोरच्या रहिवाशांनो, नमस्कार. आज वारा पश्चिमेचा आहे. सदाफुलीला नवी कुंडी आणली आहे. निळा पेला धुऊन पालथा ठेवला आहे." मी थांबले. मावशी गेल्या, ही चौथी गोष्ट ओठांवर येईना. "तांत्रिक कारणामुळे आजचा कार्यक्रम होऊ शकत नाही. पोचलं का?"

पंप बंद पडला. साडेसहाला अजून खूप अवकाश होता. कुणीतरी तो मुद्दाम बंद केला होता. भिंतीवरच्या काचा उन्हात चमकत होत्या. आणि पलीकडून, तिसऱ्या मजल्यावरून, एका म्हाताऱ्या माणसाचा खाकरलेला आवाज आला.

"पोचलं."